पणजीच्या सभेत व्हय म्हाराजा

आणि वर हेडमास्तर मलाच विचारतात, "मालतीबाई, मुलांना प्रेरणा घ्यायला नेलं होतं की भांडणं लावायला?" आता काय बोलू? प्रेरणा म्हणजे काय पोदेराच्या टोपलीतले पाव आहेत, की दोन द्या आणि बाकीचे झाकून ठेवा? मुळगावच्या शाळेत सतरा वर्षं शिकवतेय मी, खडूची पांढरी आणि खाणीची लाल अशी दोन्ही धूळ खाऊन... पण अशी सहल वैऱ्याच्या वर्गालाही नको!

त्याचं असं झालं, तुम्हाला सांगते. गोवा घटकराज्य होऊन पाच-सहा महिने झालेले, त्यामुळे जो उठेल तो प्रेरणा देत सुटला होता. पणजीला सभा ठरली, 'सामाजिक प्रश्न आणि उद्याचा नागरिक'. तीन वक्ते, आणि ऐकायला शाळाशाळांतले आठवीचे वर्ग. बस कुणाची? खाणीची! आमच्याकडे दुसरं आहे काय? नोकऱ्या खाणीच्या, ट्रक खाणीचे, आणि खाणीतलं पाणी उपसून उपसून आमच्या विहिरी आटल्या, म्हणून एक दिवसाआड येणारा टँकरसुद्धा खाणीचाच.

निघताना ड्रायव्हर बाबलीने देवळापाशी बस थांबवली, नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. आमच्यात गाऱ्हाण्याशिवाय नवी म्हैससुद्धा गोठ्यात घेत नाहीत, ही तर बेचाळीस पोरं. "बा देवा म्हाराजा, हीं भुरगीं पणजे चल्ल्यांत, तांकां सुखरूप व्हर आनी सुखरूप हाड..." म्हणजे पोरांना सुखरूप ने आणि सुखरूप परत आण. बाबली आवाज चढवत चढवत नेतो आणि एकदम थांबतो. तो थांबला की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" इथवर ठीक होतं हो. पण पोरांची जीभ सैल झाली ती तिथेच.

सभागृहात पहिले वक्ते उठले हुंड्यावर. गृहस्थांचा आवाज थेट बाबलीच्या वळणाचा! चढतोय, चढतोय... "ही हुंड्याची कीड आपण मुळासकट उपटणार की नाही?" आणि थांबले. आता कुणी असं थांबलं की आमच्या पोरांना एकच ठाऊक. बेचाळीस तोंडं उघडली, "व्हय म्हाराजा!" सगळं सभागृह हसलं. मी डोळे वटारते, चिमटे काढते, पण वक्तेच खूश झाले आणि वाक्यावाक्याला थांबायला लागले! दुसरे दारूबंदीवाले. "आज घरी जाऊन वडिलांना सांगाल ना, की बाटली सोडा?" व्हय म्हाराजा! ओरडणाऱ्यांतली निम्मी पोरं संध्याकाळी बापासाठी तीच बाटली आणायला तावेर्नात जाणारी.

तिसऱ्या बाई मात्र खरंच छान बोलल्या. उगाच कशाला खोटं सांगू? शेवटी हळूच म्हणाल्या, "जिथे अन्याय दिसेल तिथे उभं राहून विचाराल?" व्हय म्हाराजा! त्यात माझाही आवाज होता. सवयीने निघून गेला तोंडातून.

आणि आमची तनया उभी राहिली.

ही तनया म्हणजे शेवंतीची मुलगी. बाप कृष्णनाथ खाणीवर ट्रक चालवतो. वर्गात 'हजर'च्या पुढे कधी शब्द नाही या पोरीचा. ती उभी राहिली आणि घरी बोलतात तशी सरळ कोकणीत म्हणाली, "आमचे बांयचें उदक परत केन्ना येतलें?" आमच्या विहिरीचं पाणी परत कधी येणार, एवढंच. पुढच्या रांगेत खाणीचे मॅनेजर, पाहुणे म्हणून गळ्यात हार घालून बसलेले. ते हारातली फुलं मोजायला लागले. आणि मागची एकेचाळीस पोरं? गप्प! एकाच्याही तोंडून व्हय म्हाराजा नाही.

मग काय झालं सांगू? पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "सभा मराठीत आहे, प्रश्न मराठीत विचारा." झालं! दुसरा उठला, "कां म्हूण? आता राजभाषा कोंकणी!" तिसरा म्हणे मराठीचं काय ते आधी ठरवा, चौथ्याने खुर्ची उचलली. ते नाटक वीस मिनिटं चाललं हो. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं यावर सगळे भांडले, आणि उत्तर कुणीच दिलं नाही. ती पोर आपली उभीच. कुणीतरी सांगेल म्हणून उभी.

आणि मी काय केलं? मी, सतरा वर्षं शिकवणारी? मी तिचा फ्रॉक मागून ओढला आणि म्हटलं, "बस गो खाली." लाज वाटते अजून. त्या भांडणाऱ्यांना कशाला नावं ठेवू?

दुसऱ्या दिवसापासून टँकर गावात यायचा, पण शेवंतीच्या वाड्याकडे, त्या वस्तीकडे, वळायचाच नाही. चार दिवस. बायका घागरी घेऊन तिच्या दारात, "तुझ्या चेडवाक कोणें सांगिल्लें उलोवंक?" कुणी सांगितलं होतं तुझ्या पोरीला बोलायला? आणि सांगणारी तर मीच होते ना, बस भरून नेऊन!

मग हेडमास्तर म्हणाले, पोरीकडून माफीपत्र लिहून घ्या, मॅनेजर मोठ्या मनाचे आहेत. दोन्ही भाषांत लिहा हं, पुन्हा वाद नको. तनया वही उघडून बसली. माझा शुद्धलेखनाचा तास आवडतो तिला, अक्षर मोत्यासारखं. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "बाई, चूक म्हणून काय लिहू?"

मी खिडकीबाहेर बघत मजकूर सांगितला, तिने उतरवून घेतला. दुसऱ्या सकाळी टँकर वळला. घागरी भरल्या, कृष्णनाथ येऊन माझ्या पायासुद्धा पडला बिचारा. विहीर कोरडी ती कोरडीच. आणि तनया पुन्हा 'हजर'वर आली.

परवा हेडमास्तरांनी बोलावलं. "मालतीबाई, पुढच्या वर्षी पुन्हा सभा आहे. विषय आहे 'निर्भय व्हा'. बस खाणीचीच. नेणार ना मुलांना? फक्त कुणी उभं राहणार नाही एवढं बघा." आणि बोलता बोलता थांबले की हो, अगदी बाबलीसारखे.

आता कुणी असं थांबलं की आम्हाला एकच ठाऊक. म्हटलं, व्हय म्हाराजा.