शेवटचा आकडा हलता कामा नये!

...अहो, मीटरच तो! गाडी नव्हे, घर नव्हे, विजेचा दाब मोजायचा डबा! किंमत ऐकून मी दुकानदाराला म्हटलं, बाबा रे, एक शून्य जास्त पडलंय, तर म्हणतो कसा, "शून्यं बरोबर आहेत साहेब, तुम्हीच चुकीच्या दुकानात आलात!" तुम्हाला सांगतो, तेव्हापासून डोक्यात एकच... असं आहे तरी काय त्या डब्यात?

हौस नव्हती हो, नड होती! आमचा छोटा कारखाना, दवाखान्यात नसेतून औषध सोडणारे पंप असतात ना, त्यांची सर्किटं बनवतो. पंपवाल्यांनी सगळा माल परत धाडला. "तुमचं माप चुकतंय." माझं? माझा मीटर तर चांगले ठळक आकडे दाखवतो!

माझा मीटर काखेत मारून तडक गेलो थोरल्या वहिनींकडे. त्या मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत असतात, तिथे तसलाच एक डबा आहे. म्हटलं, वहिनी, उघडून दाखवा, असं आहे तरी काय त्या डब्यात? "भाऊजी, लांब उभे राहा." मी कसला ऐकतोय! वायरीच्या जोडाला बोट लावलं मात्र, शेवटचे आकडे लागले की पळायला! "काढा बोट! तुमच्या बोटाची ऊब मोजतोय तो!" माझी ऊब? इतकी वर्षं संसार केला, आमच्या हिला कधी जाणवली नाही, आणि या डब्याला...!

मग त्यांनी आतला नखाएवढा तुकडा दाखवला, डबा दाब मोजतो तो म्हणे याच्याशी ताडून. "असे ढीगभर घ्यायचे, महिनोन्‌महिने चालू ठेवायचे आणि बघत बसायचं. ज्याचा आकडा हलला तो बाद. उरला तो आत." म्हणजे पैसे न हलण्याचे? मग आमचे दादा सोफ्यावरून कुठे हलतात, ते तुम्हाला फुकटच मिळाले की! वहिनी हसल्या नाहीत. माझा मीटर त्यांनी दिव्याजवळ धरला. तापला, तसा आकडा सरकत गेला... सरकत गेला...

"आणि तिकडे कुणाच्या तरी नसेत औषध जातंय, भाऊजी."

गेलो परत त्याच दुकानात! घेतला!

वहिनी मांडायला आल्या. गारवा हवा, धूळ नको, हादरा नको. अशी खोली आख्ख्या कारखान्यात एकच, माझी केबिन! आता तो आत एसीत, माझी खुर्ची जिन्याखाली. माल पास होतोय, खोटं कशाला बोलू? पण काल सहज दार किलकिलं केलं, तर आमची तपासनीस आतून ओरडली, "दार लावा, आकडा हलतोय!"

लावलं.

मालक मीच आहे हो... पण बाहेरून!