सासूबाई रविवारी ऐकतात

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोन मैत्रिणी बसल्या होत्या.

“सर्व्हरवरच्या जुन्या फायली काढायला गेले आणि मामंजींची अख्खी वेबसाइट उडवली! हयातभर रेकॉर्ड केलेले पक्ष्यांचे आवाज गं. ते गेल्यापासून सासूबाईच सांभाळतात ती.”

“बाप रे! भडकल्या असतील.”

“छे! चष्मा पुसला नि वीस मिनिटांत सगळं जागेवर. रोज बॅकअप घेतात.”

“तो तर मीही घेते.”

“परत चढवून बघतेस कधी? त्या दर रविवारी बघतात. एखादा पक्षी लावून ऐकतात.”

“कमाल आहे बाई!”

“मला तर रडूच फुटलं. तर म्हणाल्या, ‘पुस डोळे. पक्ष्यांबरोबर ह्यांचा स्वतःचाही आवाज होता तिथे. तो मी पुसला. तेव्हा बॅकअप नव्हता.’”