खांबावरचं शेपूट

—हात लावलात तो लावलात, वर केसही उपटलेत? आणि पुडीत घातलेत. बरं. आमच्यात त्या खांबाकडे कुणी बघतसुद्धा नाही, बाई. झाडावर रात्री हिंडणारं ते जनावर, आय-आय, मारलं की त्याचं शेपूट गावाच्या तोंडाशी टांगायचं, म्हणजे वाटेनं जाणारा परका माणूस अपशकुन आपल्याबरोबर घेऊन जातो — सगळ्या मादागास्करात नसेल, आमच्या गावात असंच. तुम्ही परक्या. आता तो तुमच्याबरोबर राजधानीला निघाला. गाडीत जागा धरा त्याच्यासाठी.

मी कोण? मी त्सारालाझा, मारणारा. आधी बाप मारायचा, आता मी. आय-आयनं ते काडीसारखं मधलं बोट ज्याच्याकडे रोखलं त्याच्या घरात मयत होते, म्हणून ते दिसलं की लोक माझ्याकडे धावतात. मी कोयता घेऊन जातो, शेपूट घेऊन येतो. धड? धड मी पुरतो. ते बघायला कुणी येत नाही, घाबरतात.

केसावरनं काय काय कळतं हो तुमच्या प्रयोगशाळेत? जनावर कुठलं, नर का मादी — सगळं? असं. मग नका पाठवू. कशाला म्हणजे, जुनं शेपूट ते, पावसात भिजलेलं, धूर खाल्लेलं — धूर कसा? चुलीवर टांगलेलं होतं ना, काळं व्हायला. आता आय-आय मुळात काळंच, मग काळं कशाला करायचं, हे तुमच्या लगेच लक्षात आलं. शिकलेल्या आहात. बसा जरा.

आत राफियाच्या झावळ्यांचे धागे, वरून केस. माझी बायको करायची, झाफिसुआ. एकदा एक आय-आय मादी दिसली, पोटाशी पिल्लू होतं, तर हिनं माझा कोयताच लपवला — म्हणाली, "तिला मारलंस तर जेवायला दुसरं घर बघ." मी जेवणारा माणूस. तेव्हापासून शेपटं घरीच व्हायला लागली. मादी अजून आहे, घरामागच्या नारळावर, रात्रभर बोटानं खोडावर टकटक करून झोपू देत नाही बया. झाफिसुआ मागच्या पावसाळ्यात गेली. ताप. दवाखान्यात मलेरिया म्हणाले. मीपण मलेरियाच म्हणतो — दिवसा. रात्री ती टकटक सुरू झाली की वाटतं, हिनं बोट रोखलं होतं का झाफिसुआकडे? भीती वाटते मला. कोयत्याला धार लावून ठेवलीय. अजून वर चढलो नाही, इतकंच.

आज सभेत तुम्ही काय ते सांगा — जनावर आहे, म्हणून जंगल जाळायचं नाही, राखणीला गावातलीच माणसं घेणार — सगळं सांगा. फक्त ओढ्यापलीकडे दिसलं म्हणा, माझ्या नारळाचं नाव काढू नका. गाव म्हणेल, यानंच बायको मारली. आणि तुमचा तो कॅमेरा नारळावर लावा गुपचूप. बोट किडे काढायला असतं म्हणता ना? मग दाखवा मला तिला किडा काढताना. तोवर कोयता तुमच्याकडे ठेवा. हा घ्या.

आणि ती पुडी द्या. मादीचे खरे केस नारळाखाली पडतात, हवे तेवढे न्या. हे झाफिसुआचे आहेत. मेलेल्याची फणीसुद्धा आम्ही बरोबर पुरतो, घरात तिचा एक केस उरला नाही. उरलेत ते त्या खांबावर — तिथे मी हात लावला तर गाव बघेल — आणि तुमच्या पुडीत.

द्या इकडे.

हं. जा आता, सभेला लोक जमले असतील. जाताना खांबाकडे बघितलंत तरी चालेल.