यान वर घ्या

"लवकर जा, दवाखान्यात गर्दी असते," असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. मग बाळाला मांडीवर घेऊन ताटकळत बसले. शेजारी दोघी बहिणी होत्या.

"ताई, तुझी लेक ज्या ग्रहाभोवतीचं यान सांभाळते, त्या ग्रहावर वारा कशानं सुटतो गं?"

"उन्हानं. उजेडाकडची वरची हवा तापून फुगते, अंधाराकडे धावते."

"आपल्यासारखीच, सावली शोधत!"

"हसू नकोस. परवा सूर्य खवळला, मोठं वादळ उठलं त्याच्यावर. ही म्हणाली, हवा आणखी फुगून यानापर्यंत येईल, आपलं यान खाली ओढलं जाईल, वर घ्या. साहेबांनी ऐकलं, म्हणून वाचलं!"

"मावशीवर गेलीय."

"राग तेवढा तुझा. डोकं माझं!"

"बोललीस तिच्याशी?"

"फोन उचलत नाही. परवापासून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोरून हललेली नाही म्हणे."

"आणि जेवण?"

"तिथं कोण विचारणार?"

तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर आत्ताच फोन करा. जेवलीस का, एवढं विचारा.