एकच पत्र आलेली यादी

ग्रंथपाल: ...तर त्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही. चार वर्षं झाली. म्हणून हे कागद आणलेत. सगळे स्कॅन करून एकाच फाइलमध्ये बसतील का?

झेरॉक्सवाली: बसतील की. पण काका, पत्र एक आणि कागद एवढे? हे दोनशे तरी असतील.

ग्रंथपाल: दोनशे चौदा. पत्र वेगळं, ते सगळ्यात वर आहे. ईमेल होतं, मी छापून घेतलं. मी सगळंच छापून घेतो.

झेरॉक्सवाली: ते मला सांगताय? तुमच्यासारखी अजून चार गिऱ्हाइकं असती तर मी दुसरं मशीन घेतलं असतं. बसा त्या स्टुलावर. कोणाचं पत्र?

ग्रंथपाल: एका बाईचं, पण ओळखीची नाही. मी इंटरनेटवर एक यादी चालवतो, ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. ब्लॉग कुठल्या वेबसाइटवर सुरू करावा, फुकट वापरता येतील असे फोटो कुठे मिळतात, भरवशाचा शब्दकोश कुठला, लिहिलेल्याची दुसरी प्रत कशी ठेवायची, असं. बासष्ट जागा आहेत. दर सोमवारी एकेक उघडून बघतो, चालू आहे की बंद पडली. वहीत खूण करतो.

झेरॉक्सवाली: हे तुम्हाला करायला कोणी सांगितलं?

ग्रंथपाल: कोणीच नाही. वाचनालयात होतो तेव्हा लोक यायचे, हे कुठे मिळेल, ते कुठे मिळेल, विचारायचे. निवृत्त झालो आणि कोणी विचारेना. मग न विचारताच सांगायला लागलो.

झेरॉक्सवाली: वाचतं का कोणी?

ग्रंथपाल: वाचत असतील. पत्र मात्र एकच आलं. सगळ्या वर्षांत हेच.

झेरॉक्सवाली: एकच आलं आणि त्यालाही उत्तर नाही? धन्य आहात. वाचू का?

ग्रंथपाल: वाचा.

झेरॉक्सवाली: 'नमस्कार. तुमच्या यादीतल्या सातव्या क्रमांकाच्या जागेवर मी माझा ब्लॉग सुरू केला. आता ती जागा महिनाअखेरीला कायमची बंद होणार अशी सूचना आली आहे. माझं सगळं लिखाण तिथंच आहे. ते कसं वाचवायचं, सांगाल का? मला यातलं फार कळत नाही आणि विचारायला दुसरं कोणी नाही.' अहो काका.

ग्रंथपाल: हो.

झेरॉक्सवाली: म्हणजे तुमच्याच सांगण्यावरून गेली ती तिथं.

ग्रंथपाल: म्हणूनच घाई करायची नव्हती. एकदा चुकीची जागा दाखवली होती, पुन्हा चूक नको. तीन उपाय सापडले. तिन्ही आधी स्वतः करून बघायचे ठरवले. करून बघायला लिखाण हवं, म्हणून तिचाच ब्लॉग घेतला. पहिला उपाय मला जमला नाही. दुसऱ्यात तारखा गळून पडल्या. तिसरा साधा होता, एकेक पान उघडायचं आणि छापायचं. ते कागद तुमच्याकडेच छापले.

झेरॉक्सवाली: थांबा. पेनड्राइव्ह घेऊन आला होतात आणि माझं मशीन तापून बंद पडलं, तेव्हा? मी विचारलंसुद्धा, काका, कादंबरी लिहिलीत का?

ग्रंथपाल: मी नुसता हसलो.

झेरॉक्सवाली: आणि मी घरी जाऊन सांगितलं, आपल्या गिऱ्हाइकांत एक लेखक आहे म्हणून.

ग्रंथपाल: माफ करा.

झेरॉक्सवाली: राहू द्या. कागद निघाले, उपाय सापडला. मग दोन ओळी लिहायला काय झालं होतं?

ग्रंथपाल: लिहिलं ना. सात वेळा लिहिलं. एकात माहिती फार झाली, एकात क्षमा फार झाली. असं करता करता महिना संपला, जागा बंद झाली. मग वाटलं, तिनं एखाद्या जाणत्या माणसाला विचारलं असेल. मी कोण लागून गेलो? तिचं काम झालंही असेल, आपण कशाला मध्येच...

झेरॉक्सवाली: आणि झालं नसेल तर?

ग्रंथपाल: झालं नव्हतं. ते मला गेल्या सोमवारी कळलं. एक नवी जागा तपासत होतो, यादीत घालावी का म्हणून. तिथं नव्या ब्लॉगांची नावं दिसतात, त्यात ती होती. लिहिलंय, सासूबाई गेल्या. आधीचं लिखाण जुन्या जागेबरोबर बुडालं, म्हणून आठवेल तसं पुन्हा लिहायला घेतलंय. पण त्यांचे नेमके शब्द आठवत नाहीत.

झेरॉक्सवाली: सासूबाईंवर लिहायची?

ग्रंथपाल: सासूबाईंना विसर पडत चालला होता. दिवसभरात त्या जे बोलतील ते ही संध्याकाळी लिहून ठेवायची. बाकी काही नाही. वाचा हवं तर एखादं.

(मशीन चालू होतं. ती वरचा कागद काचेवर न ठेवता हातातच धरते.)

झेरॉक्सवाली: 'आज सासूबाईंनी विचारलं, तुझं लग्न झालंय का गं? म्हटलं, झालंय. कोणाशी? म्हटलं, तुमच्याच मुलाशी. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, असं होय. काळजी करू नकोस, तो उशिरा येतो, पण येतो.'

ग्रंथपाल: ते मला पाठ आहे. पुढच्या कागदावर त्या भांडी मोजतात आणि एक चमचा मुद्दाम लपवतात. सुनेला शोधायला लावतात.

झेरॉक्सवाली: काका, हे चार वर्षं कुठे होतं?

ग्रंथपाल: पलंगाखाली, एका खोक्यात. अधूनमधून काढून वाचायचो. माझ्याकडे दुसरं कोणी बोलणारं नाही. जेवताना एक कागद वाचला की आजी बोलल्यासारखं वाटायचं.

झेरॉक्सवाली: म्हणून दिलं नाहीत?

ग्रंथपाल: हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

झेरॉक्सवाली: मी आपलं सहज म्हटलं.

ग्रंथपाल: नाही, बरोबर विचारलंत. थोडं तसंही असेल.

झेरॉक्सवाली: निम्मे झाले बघा. तोवर उत्तराचं बघू. तिचा पत्ता तोच आहे ना?

ग्रंथपाल: नव्या ब्लॉगवरही तोच दिलाय. उत्तर मी लिहून आणलंय. हा आठवा मसुदा.

झेरॉक्सवाली: पाच पानं? हे वाचेस्तोवर तिलाच सून येईल. इकडे या, या खुर्चीवर. ईमेल उघडा आणि मला तोंडी सांगताय असं समजून लिहा.

ग्रंथपाल: 'नमस्कार. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, ही चूक माझी. तुमच्या सासूबाईंचं सगळं बोलणं माझ्याकडे तारखांसकट आहे, ते सोबत पाठवतो. मूळ कागद उद्या पार्सलनं पाठवीन, फक्त घरचा पत्ता कळवा.' एवढंच?

झेरॉक्सवाली: एवढंच. पण मूळ कागद कशाला? फाइल जातेय की. ते राहू द्या तुमच्याकडे.

ग्रंथपाल: नको. ते तिचे आहेत.

झेरॉक्सवाली: मग एक प्रत काढून ठेवते तुमच्यासाठी. आजींची.

ग्रंथपाल: तिला विचारल्याशिवाय नको.

झेरॉक्सवाली: बरं. ही फाइल जोडली. आता तिथं दाबा.

ग्रंथपाल: पुन्हा एकदा वाचून बघू?

झेरॉक्सवाली: नाही.

ग्रंथपाल: ताई, ती रागावली तर? चार वर्षं हे तुमच्याकडे होतं, असं म्हणाली तर?

झेरॉक्सवाली: म्हणेल. रागावून लिहील. तेवढीच तुमची दोन पत्रं होतील.

ग्रंथपाल: दाबलं.