उदबत्तीपुरती फट

नाही नाही, फोडायची नाहीये. फोनवर पण तेच बोललेले मी, मितेशभाऊ — झाकायची. तोडफोड सोपी असेल, तुम्ही रोज चार घरं तोडता, पण ही फायरप्लेस फोडायची नाही. पुढून ते पांढरं लावायचं, मोबाईलवर दाखवलंत ना, मार्बलसारखं — हां, तेच — आणि त्याच्यावर टीव्ही. इथे आधी काही होतं असं बघणाऱ्याला वाटायला नको. घ्या तुम्ही मापं. पंखा लावते.

हसताय ना? हसा, सगळेच हसतात. डोंबिवलीत जानेवारीत पण घामोळं येतं आणि ह्यांच्या हॉलमध्ये म्हणे शेकोटी. आमच्या ह्यांची हौस. एकतीस वर्षं एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते, तर लोणावळ्याला साहेबांच्या बंगल्यात पूजेला गेलेलो आम्ही, तिथे पाहिली — झालं, डोक्यात बसली. रिटायर झाले आणि राजापूरहून टेम्पोत चिरे आणले, जांभ्याचे, आणि एकट्याने बांधली. गवंड्याला हात लावू दिला नाही. काय म्हणालात? चिमणी? नाही, चिमणी नव्हती. शोची आहे, चिमणी कशाला, असं तेच म्हणाले तेव्हा. आयुष्यभर कंपनीच्या चिमणीकडे बघत बसलेला माणूस, धुराचा रंग बघून सांगायचे आत काय चाललंय ते, आणि घरातलीला चिमणी नाही. गणपतीत मूर्ती बसायची आमची तिथे, मखर लागायचं नाही वेगळं. बाकी वर्षभर छत्र्या आणि रद्दी.

तो डाग ना — घासला मी. सोडा लावून घासला, लिंबू लावून घासला. जांभा दगड सगळं पिऊन टाकतो, परत देत नाही. तुमचं पांढरं बसलं की दिसणार नाही ना? मग राहू दे. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी लेकीचं डोहाळजेवण आहे, त्याआधी व्हायला पाहिजे. संचिता. ठाण्याला असते. चार वर्षं या घरात आली नाही ती — भेटतो तसं, मी जाते, तिच्याकडे राहते पण कधी एक रात्र — इथे नाही. आता म्हणाली, आई, येते मी, डोहाळजेवण तुझ्याकडेच कर, पण ते मला दिसता कामा नये. एवढंच म्हणाली. तेवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं.

कशाने काळं झालं? कोळशाने. एकदा शेगडी ठेवलेली आत. एकदाच. तुमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात की नाही? आमच्याकडे देतात — अंघोळ झाली की खाटेखाली निखारे, वर ओवा, बाळाला पण जरा धुरी. जाईबाई यायची मालिशवाली, ती रोज मागच्या ओट्यावर शेगडी पेटवायची, निखारे चांगले फुलले की मग आत आणायची, दोन मिनिटं, दारं उघडी. त्या दिवशी जाईबाई आली नाही. आणि सकाळपासून कंपन्यांचा वास सुटलेला. तुम्ही इथलेच ना, मग माहितीये तुम्हाला, डोळे चुरचुरतात, घशात कडू कडू येतं. म्हटलं दहा दिवसांचं बाळ, ही हवा नको. खिडक्या लावल्या सगळ्या. दाराच्या फटीला टॉवेल लावला — ओला करून, नीट. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. आणि शेक चुकायला नको म्हणून शेगडी पेटवली आणि ठेवली ह्या फायरप्लेसमध्ये. जागा तीच ना विस्तवाची. संचिता इथेच खाटेवर, बाळ कुशीत. मी आत स्वयंपाकघरात, मधलं दार लावून, डिंक तळत होते. लाडूंचा. गडबडीने तळला तर आतून कच्चा राहतो, वेळ लागतो त्याला.

संचिता वाचली. तीन दिवस होती दवाखान्यात. बाळ नाही. मुलगी होती. बारसं व्हायचं होतं, नाव ठरलेलं पण ठेवलेलं नव्हतं, म्हणून कागदावर नुसतं बेबी ऑफ संचिता. मी सही केली त्याच्याखाली. मला रडू येत नाही हो, लोकांना वाटतं कशी बाई आहे. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना आपला, आहे पण आपला नाही — तसं झालंय, चार वर्षं. डिंकाचा डबा तसाच आहे वर. हे मला काही बोलले नाहीत. संचिता पण नाही बोलली. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

कसला पाइप? हां, तो. आत हात घातलात का तुम्ही. तो ह्यांनी घातला. सगळं झाल्यावर, चौदाव्या दिवशी ड्रिल घेऊन आले कुणाचंतरी आणि बसले भोक पाडत. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आठ दिवस, रोज थोडं थोडं. बाहेर मागच्या भिंतीवर निघालाय तो, वर टोपी पण आहे त्याला. मी विचारलं नाही, आता कशाला म्हणून. काय विचारणार. म्हणून तर फोडायची नाही, भाऊ. फोडली तर तो पाइप पण जाईल.

राख ना, ती उदबत्तीची. नाही, देव नाही आत. हे लावतात, रोज संध्याकाळी फिरून आले की. लावतात आणि स्टूल घेऊन बसतात समोर, धूर वर पाइपात जातो का बघत. जातो. रोज जातो. मग उठतात आणि जेवायला वाढ म्हणतात.

तर असं करा — ते पांढरं सगळीकडून लावा, पण खाली ह्या कोपऱ्यात एवढी फट ठेवा. हात जाईल एवढी. पुढे सरकतं झाकण करा, संचिता आली की बंद. तिला सांगायचं नाही. आणि तो पाइप बुजवायचा नाही, काही झालं तरी. लिहून घ्या तुमच्या कागदावर, तुमची माणसं विसरतील.

गेट वाजलं, ऐकलंत? हे आले. यातलं काही काढू नका त्यांच्याजवळ, विचारलं तर फक्त रंगाचं सांगा. टेप उचला तुमची — आणि जाता जाता ते स्टूल जरा पुढे सरकवा. बसतील ते आता.