टपावरचं धुराडं

चहा थंड झाला तरी चालंल, आधी आमच्या दादाच्या जीपचं ऐका.

त्या दुष्काळात दादानं जुनी जीप आणली अन् अंगणातच खोलून बसला. नदीपलीकडच्या डेअरी सोसायटीत तिच्यातून दूध न्यायचं होतं. सगळ्यात आधी त्यानं सायलेन्सरचा पाइप वाढवून पार टपाच्या वर नेला.

मी विचारलं, "हे कावून?"

"नदीला पाणी आलं तर आत शिरू नये म्हणून."

"नदीत शेरडं चरायलीत, दादा. तू टायर बदल, पार गोटा झालेत."

"तुला त्यातलं कळत न्हाई."

पहिल्याच दिवशी दुधाच्या किटल्या भरून निघालो, वहिनीबी संगं होती. कोरडी नदी झोकात पार केली, अन् पलीकडच्या गावात शिरताच जीप चिखलात रुतली. अख्ख्या शिवारात तेवढाच चिखल होता, पाण्याच्या गळक्या टँकरखालचा.

दादा रेस देतोय, चाकं जागेवरच फिरायलीत, उन्हानं दूध नासायला आलंय. शेवटी वहिनी खाली उतरली. एक किटली डोक्यावर घेतली, वर पाइपाकडं बघितलं अन् शांतपणे म्हणली,

"धुराडं तर कोरडंच हाय की तुमचं. मग अडलं कुठं?"